खाद्याच्या गोणीतील प्रतिजैविक

१९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील बॉस्टन शहराजवळच्या एका लहान शेतावर कोंबडीची ३०० पिल्ले आणण्यात आली. त्यांपैकी १५० पिल्लांच्या खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन हे टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविक (अँटिबायोटिक) अल्प प्रमाणात मिसळलेले होते आणि उरलेल्या १५० पिल्लांना साधे खाद्य मिळत होते. पिल्लांच्या विष्ठेबरोबरच शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या आणि आसपासच्या शेजाऱ्यांच्या मलाचे नमुनेही दर आठवड्याला गोळा केले जात होते. हा प्रयोग करणारे स्टुअर्ट लेव्ही हे टफ्ट्स विद्यापीठातील डॉक्टर होते आणि जिवाणूंच्या जनुकशास्त्राचे संशोधकही होते. विशेष म्हणजे या प्रयोगाचा खर्च पशुऔषधे बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने उचलला होता, त्यामुळे निष्कर्ष आधी ठरवून पुरावे मागाहून गोळा केले असा आरोप या कामावर करता येत नाही.

आठवड्याभरातच औषधमिश्रित खाद्य खाणाऱ्या पिल्लांच्या आतड्यांतील जवळजवळ सगळे जिवाणू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. एवढे अपेक्षितच होते. पण पुढे काही आठवड्यांत त्याच पिल्लांमध्ये स्ट्रेप्टोमायसिन, अँपिसिलिन आणि सल्फा औषधे यांनाही न जुमानणारे जिवाणू आढळू लागले, वास्तविक यांतले एकही औषध त्यांना कधी दिलेले नव्हते. साध्या खाद्यावरच्या पिल्लांपर्यंतही हे जिवाणू पोहोचले. आणि पाच-सहा महिन्यांनंतर शेतावरच्या माणसांच्या नमुन्यांपैकी ३१.३ टक्के नमुने असे निघाले की ज्यांतील ८० टक्क्यांहून अधिक जिवाणू टेट्रासायक्लिनरोधी होते, तर शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हे प्रमाण ६.८ टक्के होते. प्रयोगात माणसांना औषधाचा कणही दिलेला नव्हता. हे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

लेव्ही यांची पुढची सगळी कारकीर्द आणि त्यांच्या निष्कर्षांकडे सरकारांनी केलेले दुर्लक्ष या दोन्हींचा विचार केल्यावर माझे मत असे बनले आहे की, निरोगी जनावरांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळणे थांबवण्याइतका पुरावा १९७६ मध्येच हाती आला होता. त्यानंतर जो अधिक पुरावा मागितला गेला, तो ज्या स्वरूपात मागितला गेला त्या स्वरूपात मिळणेच जिवाणूंच्या जनुकशास्त्राने जवळजवळ अशक्य करून ठेवले आहे. आणि म्हणून भारताने, त्यातही कुक्कुटपालनात आघाडीवर असलेल्या महाराष्ट्रासारख्या राज्याने, स्वतःच्या वेगळ्या पुराव्याची वाट पाहत बसणे चुकीचे आहे.

हा मुद्दा नीट समजण्यासाठी थोडे मागे, जपानमध्ये जावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आमांशाच्या साथी मोठ्या प्रमाणावर येत होत्या आणि १९५० च्या दशकात तेथील डॉक्टरांना शिगेला या जिवाणूंचे असे प्रकार सापडू लागले की जे एकाच वेळी चार-चार औषधांना पुरून उरत होते. एखाद्या जिवाणूत योगायोगाने बदल होऊन तो एका औषधाला रोधी होणे समजण्यासारखे होते, परंतु चार वेगवेगळे बदल एकाच पेशीत एकाच वेळी होण्याची शक्यता नगण्य होती. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की ही चारही औषधांची रोधक्षमता एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या वेगळ्या जिवाणूकडून शिगेलाकडेही, एकगठ्ठा जाते. टोकियोच्या केओ विद्यापीठातील त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये या विषयाचा जो विस्तृत आढावा इंग्रजीत लिहिला, त्यामुळे ही गोष्ट पाश्चात्त्य शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचली. वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच लेव्ही काही महिने वातानाबे यांच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिले. त्यांच्या आयुष्याची दिशा तेथेच ठरली असे म्हणता येईल.

जनुकांच्या या गठ्ठ्याला आज आपण प्लाझ्मिड म्हणतो. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून वेगळे असलेले हे डीएनएचे लहानसे कडे असते, आणि दोन जिवाणू एकमेकांच्या संपर्कात आले की त्याची एक प्रत दुसऱ्याकडे जाऊ शकते. माणसाला गुण मिळतात ते आई-वडिलांकडून. जिवाणूला ते शेजाऱ्याकडून उसनेही मिळतात, आणि हा शेजारी त्याच्या जातीचा असलाच पाहिजे असे नाही. शिवाय ही उसनवारी एकेका जनुकाची होत नाही, कड्यावर जे जे असेल ते सगळे एकत्र जाते. बॉस्टनजवळच्या पिल्लांना केवळ टेट्रासायक्लिन दिलेले असताना अँपिसिलिनला रोध करणारे जिवाणू का वाढले, याचे स्पष्टीकरण यात आहे: टेट्रासायक्लिनमुळे जे प्लाझ्मिड टिकले त्यांच्यावरच इतर औषधांची रोधी जनुकेही बसलेली होती. एका औषधाच्या वापराने दुसरी औषधे निकामी होतात ती अशी.

लेव्ही यांच्या प्रयोगशाळेतील पुढच्या कामाने या चित्रात आणखी भर घातली. टेट्रासायक्लिनरोधी जिवाणूंमध्ये औषध साठत नाही हे माहीत होते, आणि ते पेशीत शिरतच नसावे अशी समजूत होती. १९८० मध्ये लॉरा मॅकमरी, लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्याने जिवाणूच्या पेशीचे आवरण उलटे करून त्याचे अतिसूक्ष्म फुगे बनवले. रोधी जिवाणूंपासून बनवलेल्या या उलट्या फुग्यांमध्ये औषध ऊर्जा खर्च करून आत ओढले जात होते, याचाच अर्थ सुलट्या, जिवंत पेशीतून ते तितक्याच जोमाने बाहेर फेकले जात असले पाहिजे. विहिरीचा झरा चालू असताना एका बाजूने पंप लावून पाणी उपसत राहावे, तशी ही व्यवस्था होती. हा मूलभूत शोध होता, कारण असे उपसा पंप नंतर अनेक जिवाणूंमध्ये आणि अनेक औषधांच्या बाबतीत सापडले. १९८३ मध्ये त्याच प्रयोगशाळेने ई. कोलायच्या मुख्य गुणसूत्रावर असा एक भाग शोधला की जो चालू झाला म्हणजे परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या अनेक औषधांना एकाच वेळी रोध निर्माण होतो. यासाठी बाहेरून जनुक उसने घ्यावे लागत नाही. औषधाची थोडी मात्रा दीर्घकाळ मिळाली तरी या भागात बदल झालेले जिवाणू पुढे सरसावतात. जनावरांच्या खाद्यात प्रतिजैविक मिसळण्याची पद्धत नेमकी थोडी मात्रा दीर्घकाळ देण्याची आहे, आणि जिवाणूंना रोधाचे शिक्षण द्यायचे ठरवले असते तर याहून सोयीची पद्धत शोधता आली असती असे मला वाटत नाही.

आता धोरणाकडे वळू. खाद्यात प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा अमेरिकेत १९५० च्या सुमारास सुरू झाली, जेव्हा क्लोरटेट्रासायक्लिनच्या निर्मितीतून उरलेला चोथा खाल्लेली पिल्ले झपाट्याने वजन धरतात असे एका औषध कंपनीतील संशोधकांच्या लक्षात आले. ब्रिटनमध्ये वासरांमधून माणसांत पसरलेल्या साल्मोनेला या औषधरोधी जिवाणूच्या साथींनंतर नेमलेल्या स्वान समितीने १९६९ मध्येच शिफारस केली की माणसांच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके वाढीसाठी वापरू नयेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन यांचा खाद्यातील वापर मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकी संसदेने मात्र आधी अधिक अभ्यास करा असे सांगितले, आणि तो प्रस्ताव ३४ वर्षे तसाच पडून राहिला. डिसेंबर २०११ मध्ये तो औपचारिकपणे मागे घेण्यात आला. महत्त्वाच्या प्रतिजैविकांचा केवळ वाढीसाठी होणारा वापर अमेरिकेत थांबला तो जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे लेव्ही यांच्या प्रयोगानंतर ४० वर्षांनी, आणि तोही कंपन्यांच्या संमतीने. स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढवर्धक प्रतिजैविके पूर्णपणे बंद केली, पण तिकडचे मांस काही बाजारातून नाहीसे झाले नाही.

या ४० वर्षांत उद्योगाची बाजू घेणाऱ्यांचा मुख्य आक्षेप असा होता की, अमुक शेतावरच्या अमुक कोंबडीमुळे अमुक रुग्ण दगावला असे दाखवून द्या. वरवर पाहता ही मागणी शास्त्रीय वाटते. परंतु वर सांगितलेली उसनवारी लक्षात घेतली की त्या मागणीतला दोष दिसतो. कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलायवरचे प्लाझ्मिड मजुराच्या आतड्यातील दुसऱ्या ई. कोलायकडे जाते, तेथून कदाचित वर्षभराने तिसऱ्याच जातीच्या जिवाणूकडे जाते, आणि तो जिवाणू शस्त्रक्रियेनंतर एखाद्या रुग्णाच्या जखमेत शिरतो. रुग्णालयातील डॉक्टरला दिसतो तो शेवटचा जिवाणू, आणि त्याची कुळी कोंबडीच्या जिवाणूशी जुळत नाही, कारण प्रवास जिवाणूने केलेला नसून जनुकाने केलेला आहे. खुनाच्या खटल्यात जसा साखळीतील प्रत्येक दुवा मागितला जातो तसा पुरावा सार्वजनिक आरोग्यात मागणे म्हणजे निर्णय कायमचा पुढे ढकलणे आहे. अशा वेळी सिद्धतेचा भार कोणावर टाकायचा हा प्रश्न शास्त्राचा उरत नाही, तो न्यायाचा होतो. निरोगी पक्ष्याला औषध देऊन नफा मिळवणाऱ्याने त्या वापराची निर्धोकता सिद्ध करावी, हे मला उघडपणे न्याय्य वाटते.

अर्थात आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. औषधरोधाचे सगळे खापर शेतावर फोडता येत नाही. क्षयाचे जंतू प्लाझ्मिडची देवाणघेवाण करत नाहीत. त्यांची रोधक्षमता स्वतःच्या गुणसूत्रातील बदलांतून, अपुऱ्या किंवा चुकीच्या उपचारांमुळे निर्माण होते आणि माणसाकडून माणसाकडे पसरते. त्यामुळे मुंबईला भेडसावणाऱ्या बहुऔषधरोधी क्षयाचा कोंबडीच्या खाद्याशी काही संबंध नाही. रुग्णालयातील अनेक संसर्गांचे मूळही रुग्णालयातील वापरातच असते. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधरोधी जिवाणूंमुळे झाले असा अंदाज एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने मांडला आहे, आणि त्यांतले किती पशुपालनामुळे हे कोणी प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. तरीही धोरणाची सुरुवात खाद्याच्या गोणीपासून व्हावी असे मी म्हणतो, आणि त्याचे कारण दुसऱ्या बाजूच्या तराजूत काय आहे यात आहे.

भारतात २०१४ पासून औषध नियमांतील अनुसूची एच-१ लागू आहे, आणि तिच्यातील प्रतिजैविके विकताना दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी पाहणे आणि नोंद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. नियम योग्य आहे. परंतु ज्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तेथे तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन मेडिकलच्या दुकानात उभ्या असलेल्या आईला चिठ्ठीशिवाय गोळी नाकारली तर तिच्यापुढे काय पर्याय उरतो, याचे उत्तर नियमाकडे नाही. प्रतिजैविकांच्या अतिवापराइतकेच ती वेळेवर न मिळणे हेही आपल्याकडे मृत्यूचे कारण आहे. म्हणून माणसांवरील निर्बंध डॉक्टर आणि तपासणीच्या सोयी यांच्याबरोबर हळूहळूच वाढवावे लागतील. खाद्याच्या गोणीबाबत ही अडचण नाही. तेथे समोर कोणी आजारी नाही, कोणाचा जीव टांगणीला लागलेला नाही. थांबवल्याने पडणारा फरक किलोमागे काही पैशांचा किंवा रुपयाचा असेल, आणि शेडची स्वच्छता, लसीकरण व पक्ष्यांची दाटी कमी करणे यांतून तोही बराचसा भरून काढता येतो, असा युरोपातील अनुभव आहे.

आपल्याकडे आणखी एक बाब विशेष आहे. महाराष्ट्रात ब्रॉयलर पालन मोठ्या प्रमाणावर करार पद्धतीने चालते. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे पुरवते. शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी आणि अंगमेहनत असते. सहा आठवड्यांच्या आसपास पक्षी उचलले गेले की वजनाच्या हिशेबाने त्याला वाढीचा मोबदला मिळतो. खाद्यात काय घातले आहे हे शेतकरी ठरवत नाही, आणि पुष्कळदा ते त्याला सांगितलेही जात नाही. तेव्हा जनजागृतीच्या नावाखाली शेतकऱ्यांचे मेळावे भरवून प्रतिजैविके टाळण्याचा उपदेश करणे म्हणजे ज्याच्या हाती निर्णय नाही त्याला दोष देणे आहे. बॉस्टनजवळच्या त्या कुटुंबाप्रमाणेच रोधी जिवाणू सर्वांत आधी पोहोचतात ते त्याच्या आणि त्याच्या मुलाबाळांच्या पोटात. नियमन करायचे ते खाद्य बनवणाऱ्या कारखान्याच्या दारात.

स्वतःच्या पुराव्याची वाट पाहण्याची आपली सवय किती महाग पडते हे कोलिस्टिनने दाखवले आहे. इतर सगळी औषधे हरली की अतिदक्षता विभागातील डॉक्टर ज्या जुन्या औषधाकडे वळतात, ते हे औषध. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरे, मांस आणि रुग्ण यांच्या नमुन्यांत एमसीआर-१ हे कोलिस्टिनरोधी जनुक प्लाझ्मिडवर सापडल्याचे जाहीर केले. तोपर्यंत कोलिस्टिनचा रोध केवळ गुणसूत्रातील बदलांमुळे होतो आणि म्हणून फारसा पसरत नाही असे मानले जात होते. १९७६ मधील निष्कर्षच येथे पुन्हा, शेवटच्या फळीतील औषधाच्या बाबतीत समोर आला. चीनने २०१७ मध्ये खाद्यातील कोलिस्टिन बंद केले, आणि भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी त्याची निर्मिती, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. ही बंदी स्वागतार्ह आहे, पण औषध एकेक करून, ते माणसासाठी निकामी होऊ लागल्यावर बंद करण्याची ही रीत मूळ दुखण्याला हात घालत नाही. त्याआधी २०१० मध्ये एनडीएम-१ (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) या औषधरोधी जनुकाचा गाजावाजा झाला तेव्हा आपली बरीचशी शक्ती त्याच्या नावात नवी दिल्ली का, या वादात खर्च झाली. २०११ मध्ये दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत ते जनुक सापडल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा चर्चेचा विषय पाणी असायला हवा होता.

लेव्ही प्रयोगशाळेत थांबले नाहीत, ही गोष्ट मला त्यांच्या शोधांइतकीच महत्त्वाची वाटते. १९८१ मध्ये त्यांनी प्रतिजैविकांच्या विवेकी वापरासाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना उभारली आणि प्रतिजैविक हे सामाजिक औषध आहे हा विचार पुढे अनेक वर्षे मांडला. रक्तदाबाची गोळी माझी असते, तिचा परिणाम माझ्यापुरता असतो. प्रतिजैविकाची गोळी मी घेतली की तिची उपयुक्तता शेजाऱ्यासाठीही कणभर कमी होते. १९९८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने साबणांत सर्रास घातले जाणारे ट्रायक्लोसान हे रसायन जिवाणूंच्या एका विशिष्ट विकरावर (एन्झाइमवर) काम करते, आणि म्हणून त्यालाही रोध निर्माण होऊ शकतो, असे दाखवले. अमेरिकेत ग्राहकांसाठीच्या साबणांतून ते वगळण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. १९९६ मध्ये त्यांनी नोबेलविजेते शास्त्रज्ञ वॉल्टर गिल्बर्ट यांच्याबरोबर औषध कंपनीही काढली आणि तिने विकसित केलेल्या ओमाडासायक्लिन या टेट्रासायक्लिनच्या नव्या भावंडाला, जे उपसा पंपालाही चकवते, २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. संयमाचा आग्रह धरणाऱ्याने औषध कंपनी काढावी यात काहींना विसंगती दिसते. मला ती दिसत नाही, कारण नवे औषध खाद्याच्या गोणीत जाणार असेल तर ते शोधण्याचे कष्टच वाया आहेत हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

बॉस्टनजवळच्या त्या प्रयोगाचा शेवट सहसा सांगितला जात नाही. औषधी खाद्य थांबवल्यानंतर सहा महिन्यांनी तपासलेल्या शेतावरच्या १० जणांपैकी ८ जणांच्या पोटात टेट्रासायक्लिनरोधी जिवाणू आढळले नाहीत. म्हणजे थांबवल्याने फरक पडतो. पण उशीर केल्यास तो नेहमी पडतोच असे नाही, हे डेन्मार्कच्या अनुभवावरून दिसते. त्या देशाने १९९५ मध्ये अॅव्होपार्सिन हे वाढवर्धक बंद केले. व्हॅन्कोमायसिन या महत्त्वाच्या औषधाशी त्याचे जवळचे नाते होते. ब्रॉयलर कोंबड्यांच्या आतड्यांतील एन्टरोकॉकस जिवाणूंत या गटाच्या औषधांचा रोध १९९५ मधील ७२.७ टक्क्यांवरून २०००पर्यंत ५.८ टक्क्यांवर आला. डुकरांमध्ये मात्र तो वर्षानुवर्षे तसाच राहिला. कारण शोधल्यावर असे आढळले की डुकरांमधील जिवाणूंत या रोधाचे जनुक आणि टायलोसिन या दुसऱ्या वाढवर्धकाच्या रोधाचे जनुक एकाच प्लाझ्मिडवर बसले होते, आणि टायलोसिन चालूच होते. १९९८ मध्ये टायलोसिनचा वापर घटल्यावरच डुकरांमधील आकडा खाली आला. हे डेन्मार्कला कळू शकले, कारण जनावरांना कोणते प्रतिजैविक किती दिले आणि त्यांच्या जिवाणूंत किती रोध आहे याची मोजदाद त्या देशाने १९९५ पासून दरवर्षी करून ती प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात प्रत्येक खाद्य कारखान्याने दर तिमाहीला कोणते प्रतिजैविक किती किलो मिसळले हे राज्याच्या पशुसंवर्धन विभागाला कळवावे, विभागाने ते जिल्हावार लोकांसमोर ठेवावे आणि गोणीवर त्या औषधाचे नाव मराठीत, शेतकऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत छापलेले असावे, एवढी सुरुवात कोणत्याही नव्या संशोधनाची वाट न पाहता येत्या हंगामापासून करता येण्याजोगी आहे.